पूर्व टेक्सासचे तेल आणि गव्हर्नरांचे फर्मान

सरकारचा हेतू चांगला असला म्हणजे त्याचा हुकूमही कायदेशीर ठरतो काय? ज्यांच्या हाती थोडीबहुत सत्ता आहे अशा प्रत्येक माणसाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण घरापासून दूर, परप्रांती, कुणी जिल्ह्याच्या कचेरीत, कुणी खाणखात्यात, कुणी रेल्वेत वा सचिवालयात अधिकारपदावर आहेत. त्यांना तरी हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. डोळ्यांसमोर नासाडी चाललेली असते, लोक गाऱ्हाणी घेऊन येत असतात, कायद्याची वाट लांबची आणि वळणावळणाची असते, आणि टेबलावरच्या कागदावर एक सही केली की सारे थांबेल असा भास होतो. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात १९३१ साली अशी सही एका गव्हर्नरांनी केली. तिच्यातून जो खटला उभा राहिला तो कायद्याच्या इतिहासात ‘स्टर्लिंग विरुद्ध कॉन्स्टंटिन’ या नावाने ओळखला जातो. तेलाच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहेच. पण राज्यकारभार करणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा अशी त्याची योग्यता त्याहूनही मोठी आहे, असे आम्हास वाटते.

कथेची सुरुवात एका सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापासून होते. कोलंबस मेरियन जॉइनर हे त्याचे नाव. लोक त्याला ‘डॅड’ म्हणत. पूर्व टेक्सासच्या रस्क परगण्यात, गरीब शेतकऱ्यांच्या मुलखात, डेझी ब्रॅडफर्ड नावाच्या विधवेच्या जमिनीवर तो तेलासाठी भोके पाडत होता. यंत्रसामग्री जुनी आणि मोडकी, खिशात पैसा नाही. पाच-पंचवीस डॉलरांचे हिस्से विकून त्याने काम चालवले होते. मोठ्या तेलकंपन्यांच्या भूगर्भतज्ज्ञांनी त्या भागाकडे केव्हाच पाठ फिरवली होती. पहिली विहीर वाया गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या विहिरीतून १९३० च्या ऑक्टोबर महिन्याच्या प्रारंभी, सुमारे साडेतीन हजार फूट खोलीवरून, तेल उसळून वर आले. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत उत्तरेकडे बारा-पंचवीस मैलांवर दुसऱ्या लोकांच्या विहिरींनाही तेल लागले. या सगळ्या विहिरी एकाच भूगर्भातील एकाच साठ्यावर उभ्या आहेत, हे आरंभी कोणाच्या ध्यानातच येईना. कारण एवढा विशाल साठा अमेरिकेत तोवर कोणी पाहिलेला नव्हता. तो सुमारे पंचेचाळीस मैल लांब आणि पाच ते बारा मैल रुंद निघाला. एक लाख चाळीस हजार एकरांच्या या टापूतून पुढे पाच अब्ज पिंपांहून अधिक तेल निघाले. जॉइनरने मात्र आपले हक्क त्याच वर्षी नोव्हेंबरात एच. एल. हंट नावाच्या धूर्त व्यापाऱ्याला विकून टाकले. हंट जगातील अतिश्रीमंतांपैकी एक झाला; जॉइनर १९४७ साली वारला तेव्हा त्याच्याजवळ फारसे काही उरले नव्हते.

मोठ्या कंपन्या बेसावध राहिल्यामुळे या क्षेत्रातील जमिनीचे पट्टे शेकडो लहान लोकांच्या हाती आले. कुणाजवळ पन्नास एकर, कुणाजवळ पाच, तर कुणाजवळ गावातील घरामागचे परसू. किलगोर या गावाच्या तर हद्दीतच हजारावर विहिरी खोदल्या गेल्या. एका एकराच्या आसपासच्या जागेत चोवीस मनोरे उभे राहिले, आणि एक विहीर एका बँकेच्या गुळगुळीत फरशीला भोक पाडून खाली नेण्यात आली. १९३१ अखेर तीन हजारांहून अधिक विहिरी झाल्या होत्या आणि त्या एका वर्षात दहा कोटी पिंपांवर तेल त्या मुलखातून बाहेर पडले होते. येथे पिंप म्हणजे बेचाळीस अमेरिकन गॅलनांचे माप.

ही धावपळ केवळ लोभाची होती असे म्हणून चालणार नाही. लोभ सर्वत्रच असतो. येथे त्याला कायद्याने चाबूक दिला होता. तेलासंबंधी अमेरिकेत जो नियम रूढ झाला होता त्याचे मूळ विहिरीच्या पाण्यासंबंधीच्या जुन्या इंग्रजी न्यायात आहे. १८४३ साली एका इंग्रजी खटल्यात असे ठरले की, आपल्या जमिनीत खोदताना शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आटले तरी शेजाऱ्याला दाद मागता येत नाही. पुढे तेल व वायू सापडू लागले तेव्हा पेनसिल्व्हेनियातील न्यायाधीशांनी १८८९ साली त्यांची तुलना रानटी जनावरांशी केली. हरिण ज्याच्या रानात शिरेल आणि जो त्याला पकडील त्याचे. तसेच तेलही ज्याच्या भोकातून वर येईल त्याचे. याला ‘पकडीचा नियम’ म्हणतात. त्याचा परिणाम उघडच होता. माझ्या जमिनीखालचे तेल मी आज उपसले नाही, तर शेजारी उद्या ते आपल्या विहिरीतून ओढून घेणार. तेव्हा संयम म्हणजे नुकसान, आणि उधळपट्टी म्हणजे शहाणपण. आपल्याकडे ज्यांनी एका शिवारात सातआठ शेतकऱ्यांना चढाओढीने विंधनविहिरी खोल खोल नेताना पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आता भूगर्भात काय घडते ते पाहू. पूर्व टेक्सासचे तेल वाळूच्या दगडाच्या थरात, त्या थराच्या बारीक छिद्रांतून भरलेले होते. त्याच्या पश्चिमेकडे त्याच थरात अफाट पाणी होते आणि त्या पाण्याच्या दाबानेच तेल विहिरीकडे ढकलले जात होते. तेल सावकाश काढले तर पाणी मागून समान रेषेत सरकत येते आणि दगड स्वच्छ पुसल्यासारखा करून तेल पुढे लोटते. घाईने उपसले तर दाब पडतो, पाणी वाटेल तेथून बोटे घालते, आणि मागे राहिलेल्या तेलाची बेटे जमिनीखालीच कायमची अडकून पडतात. म्हणजे जो तो आपले तेल वाचविण्यासाठी धावत होता आणि त्या धावण्यानेच सर्वांचे तेल बुडत होते. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही आपली म्हण इतक्या शब्दशः क्वचितच कोठे खरी ठरली असेल.

मग सरकारने यात हात घालावा की नाही? याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०० सालीच इंडियाना संस्थानाच्या एका खटल्यात देऊन ठेवले होते. वायू हवेत मोकळा सोडून देण्यास त्या संस्थानाने बंदी केली होती आणि एका तेलकंपनीने तिला आव्हान दिले होते. न्यायालय म्हणाले की, हरणाची उपमा येथे पुरी लागू पडत नाही. रानातले हरिण सर्व प्रजेचे असते. भूगर्भातील साठा मात्र त्याच्या वरच्या जमीनमालकांचा सामाईक असतो. एकाने सारे ओढून नेऊन किंवा नासून बाकीच्यांचा वाटा बुडवू नये, एवढ्यासाठी सरकारला नियम करता येतात. हे तत्त्व पक्के होते. तेव्हा १९३१ साली वाद होता तो सरकारने नियमन करावे की नाही हा नव्हे. ते कोणी, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या मार्गाने करावे, हा होता.

टेक्सासात हे काम ‘रेल्वे कमिशन’कडे होते. नाव ऐकून वाचक बुचकळ्यात पडतील. १८९१ साली रेल्वे कंपन्यांच्या दरांना आळा घालण्यासाठी हे मंडळ स्थापन झाले. पुढे तेलाच्या नळांची देखरेख आणि १९१९ पासून तेलाच्या नासाडीस प्रतिबंध करण्याचे काम त्याच्याचकडे सोपवण्यात आले. सरकारी खात्यांच्या नावांचा आणि कामांचा मेळ बसलाच पाहिजे असा नियम कोठेच नाही. या मंडळाकडे आज रेल्वेचे काहीही उरलेले नाही. तरी नाव तेच आहे.

कमिशनने १९३१ च्या एप्रिलात पूर्व टेक्सासच्या उत्पादनावर मर्यादा घालणारा पहिला हुकूम काढला. पण त्यात एक मेख होती. टेक्सासच्या विधिमंडळाने १९२९ साली कायद्यात स्पष्ट लिहून ठेवले होते की, ‘नासाडी’ या शब्दाचा अर्थ ‘आर्थिक नासाडी’ असा करू नये. मोठ्या कंपन्यांनी सरकारला हाताशी धरून तेल महाग करू नये, या सावधगिरीने ती ओळ घातली होती. इकडे जगात मंदी पसरली होती. १९३० साली पिंपाला डॉलरच्या आसपास असलेला भाव १९३१ च्या उन्हाळ्यात दहा सेंटांवर घसरला. अशा वेळी काढलेला मर्यादेचा हुकूम भूगर्भातील दाब राखण्यासाठी होता की बाजारातील भाव राखण्यासाठी? जुलैच्या अखेरीस फेडरल न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी उत्तर दिले की, हा हुकूम भावासाठी आहे, आणि भावासाठी हुकूम काढण्याची सत्ता कायद्याने कमिशनला दिलेली नाही. हुकूम रद्द झाला. विहिरींची तोंडे मोकळी झाली. ऑगस्टात दिवसाला सुमारे दहा लाख पिंपे तेल निघू लागले. शेजारच्या ओक्लाहोमा संस्थानात गव्हर्नर मरे यांनी तर त्याच महिन्यात सैन्य पाठवून विहिरी बंद पाडल्या, आणि भाव एक डॉलर झाल्याखेरीज त्या उघडणार नाहीत असे उघडपणे जाहीर केले.

टेक्सासचे गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी तोच कित्ता गिरवला. १६ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी जाहीरनामा काढला की, चार परगण्यांत बंडाची, दंगलीची आणि शांतताभंगाची स्थिती आहे. सबब तेथे लष्करी कायदा पुकारण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक सैनिक तेलक्षेत्रात उतरले. साऱ्या विहिरी बंद झाल्या. सप्टेंबरात त्या पुन्हा उघडल्या तेव्हा दर विहिरीमागे रोज किती पिंपे काढावीत याचे माप ठरवून दिले होते आणि ते मोडणाऱ्यापुढे बंदूक उभी होती.

स्टर्लिंग हे दुष्ट किंवा जुलमी गृहस्थ होते असे कोणी म्हणत नाही. नासाडी खरी होती, आणि शेतकऱ्यांत व मजुरांत खळबळही होती. पण गव्हर्नर होण्यापूर्वी ते एका मोठ्या तेलकंपनीचे अध्यक्ष होते. आणि ज्यांच्या हाती त्यांनी सैन्य सोपवले ते ब्रिगेडियर जनरल वोल्टर्स हे एरवी दुसऱ्या एका मोठ्या तेलकंपनीचे वकील होते. तळे राखील तो पाणी चाखील, असे लहान विहीरवाल्यांच्या मनात आले तर त्यांना दोष देता येत नाही. अधिकाऱ्याचे मन निर्मळ असून भागत नाही. ते तसे आहे अशी लोकांची खात्री पटण्यासारखी परिस्थितीही असावी लागते. ती नसेल तेव्हा तर नियमाच्या वाटेने चालणे दुप्पट आवश्यक होते.

कॉन्स्टंटिन आणि रॅदर हे दोघे विहीरमालक ऑक्टोबरात फेडरल न्यायालयात गेले. न्यायालयाने कमिशनला तात्पुरती मनाई केली. तेव्हा गव्हर्नरांनी तीच मर्यादा आपल्या लष्करी अधिकारात लागू ठेवली. येथे प्रकरणाचे स्वरूपच पालटले. आता प्रश्न तेलाचा राहिला नाही. न्यायालयाने ‘थांबा’ म्हटल्यावर कार्यकारी सत्तेने ‘मी सैन्याच्या बळावर थांबत नाही’ असे म्हणावे काय, हा प्रश्न उभा राहिला. गव्हर्नरांच्या वकिलांचे म्हणणे असे होते की, बंडाळी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार गव्हर्नरांचा. त्यांनी एकदा ती आहे असे म्हटले की त्या म्हणण्याची आणि त्याखाली केलेल्या कृतीची चौकशी कोणत्याही न्यायालयास करता येत नाही. त्यांच्या बाजूस आधारही होता. कोलोरॅडो संस्थानात खाणकामगारांच्या संपाच्या वेळी गव्हर्नरांनी कामगारांच्या एका पुढाऱ्याला खटला न चालवता अडीच महिने अटकेत ठेवले होते, आणि १९०९ साली न्यायमूर्ती होम्स यांनी ती अटक वैध ठरवली होती.

खालच्या न्यायालयात न्यायाधीश हचेसन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी पुरावा ऐकला. काय निघाले? बंड नव्हते. दंगल नव्हती. मुलकी न्यायालये उघडी होती आणि त्यांचे काम सुरळीत चालू होते. कोठे कोठे धमक्यांच्या अफवा होत्या. पण नेहमीच्या पोलिसांच्या आटोक्याबाहेरचे काही घडलेले नव्हते. १९३२ च्या फेब्रुवारीत या न्यायालयाने गव्हर्नरांविरुद्ध मनाईहुकूम दिला. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ डिसेंबर १९३२ रोजी मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी एकमताचा निकाल वाचून दाखवला.

त्या निकालाचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सैन्य बोलवावे की नाही हे ठरवताना गव्हर्नरांना पुष्कळ मोकळीक असली पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले. संकट दारात उभे असताना न्यायाधीश तराजू घेऊन बसू शकत नाहीत. पण सैन्य बोलावण्याची मोकळीक म्हणजे त्या सैन्याकडून वाटेल ते करवून घेण्याची मोकळीक नव्हे. त्या सत्तेची मर्यादा कोठे संपते आणि ती ओलांडली गेली की नाही, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. गव्हर्नरांचा शब्द हाच शेवटचा शब्द मानला, तर देशाचा सर्वश्रेष्ठ कायदा संविधान न राहता गव्हर्नरांचे फर्मान होईल. आणि समजा, खरोखरच दंगलीचे भय होते, तरी सैन्याचे काम काय होते? दंगलखोरांना आवरणे आणि न्यायालयाचा अंमल निर्वेध चालू देणे. ज्याच्या विहिरीवर दंगल होईल असे भय होते त्याची विहीरच बंद करणे, हे त्या सैन्याचे काम नव्हते. कोलोरॅडोच्या निकालाला हात न लावता न्यायालयाने तो बाजूस ठेवला. तेथे प्रत्यक्ष दंगा होता, येथे नव्हता.

निकाल लागला तेव्हा स्टर्लिंग निवडणुकीतील पक्षाची उमेदवारीच गमावून बसले होते. जानेवारीत ते पायउतार झाले. पण वाचकांनी येथे एक गोष्ट नीट पाहावी. न्यायालयाने गव्हर्नरांना अडवले, नियमनाला अडवले नाही. त्याच १९३२ सालच्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने ओक्लाहोमाच्या एका खटल्यात उत्पादनाच्या वाटणीचा कायदा उचलून धरला होता. बाजाराला जेवढे तेल लागते तेवढेच काढू देणे हा नासाडी टाळण्याचाच एक मार्ग आहे. त्याने भावावर परिणाम झाला तरी तेवढ्याने कायदा बाद होत नाही, असे तेथे ठरले. त्याचा अर्थ टेक्सासच्या विधिमंडळाने ओळखला. नोव्हेंबरात त्याने आपलीच १९२९ ची ओळ मागे घेऊन, बाजाराची मागणी लक्षात घेण्याचा स्पष्ट अधिकार कमिशनला दिला. म्हणजे ज्या अधिकारासाठी सोळा महिने बंदुका रोखल्या गेल्या, तो अधिकार विधिमंडळाच्या एका खास बैठकीत सरळ मिळाला. लांबची वाट शेवटी जवळची ठरली.

अर्थात कायदा झाला म्हणून चोऱ्या थांबल्या नाहीत. ठरवून दिलेल्या मापापेक्षा अधिक काढलेल्या तेलाला लोक ‘गरम तेल’ म्हणू लागले. ते काढण्याच्या युक्त्या ऐकल्या तर आपल्याकडच्या अबकारी खात्यातील जुने अंमलदारही कौतुक करतील. कोणी उलट्या फिरणाऱ्या चाव्या बसवल्या. बंद दिसे तेव्हा तेल वाहत असे. कोणी चावीभोवती काँक्रीटची खोलीच बांधली. जमिनीखालून चोरनळ गेले, जवळपास लहान लहान शुद्धीकरणाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि रात्रीच्या अंधारात मालमोटारी संस्थानाच्या सीमेबाहेर पडू लागल्या. सीमेबाहेर संस्थानाचा हात पोचत नव्हता. तेव्हा १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या औद्योगिक पुनरुज्जीवनाच्या कायद्यात एक कलम घालण्यात आले. संस्थानाने ठरवलेल्या मापाबाहेरचे तेल एका संस्थानातून दुसऱ्यात नेण्यास राष्ट्राध्यक्षांना मनाई करता यावी, असे ते कलम होते.

त्यावरचा खटला ‘पनामा रिफायनिंग कंपनी विरुद्ध रायन’ हा होय. ७ जानेवारी १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ते कलम रद्द केले. मनाई केव्हा करावी, कोणत्या कारणासाठी करावी, याविषयी विधिमंडळाने राष्ट्राध्यक्षांना काहीच मार्गदर्शन केलेले नाही. हे अधिकार सोपवणे नसून आपले कामच दुसऱ्याच्या गळ्यात टाकणे आहे, असे मुख्य न्यायमूर्ती ह्यूज यांनी म्हटले. एकटे न्यायमूर्ती कार्डोझो यांना हे पटले नाही. कलमाचा हेतू साऱ्या कायद्यावरून पुरेसा स्पष्ट होतो, असे त्यांचे मत पडले. विधिमंडळाच्या अधिकाराची वाटणी कितपत करता येते, हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५१ साली दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात आला, तेव्हा याच निकालाचा तेथे बराच खल झाला.

पण त्या खटल्यातील खरी गंमत, आणि खरी भीतीही, निराळीच आहे. तेलधंद्यासाठी केलेल्या नियमावलीतील ज्या परिच्छेदामुळे मापाबाहेर तेल काढणे हा गुन्हा ठरत होता, तो परिच्छेद १९३३ च्या सप्टेंबरात एका दुरुस्तीच्या हुकुमात नजरचुकीने गळून गेला होता. ही गोष्ट अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हती, वकिलांना नव्हती, आणि खालच्या न्यायालयांनाही नव्हती. जो नियम अस्तित्वातच नव्हता त्याच्या भयाखाली लोक वावरत होते आणि त्याच्यावर वाद चालले होते. सर्वोच्च न्यायालयापुढे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विचारले की, हे हुकूम लोकांना वाचायला मिळतात तरी कोठे? तेलवाल्यांच्या वकिलाने सांगितले की, त्याला नियमावलीची प्रत पाहायला मिळाली ती एका सरकारी अंमलदाराच्या पाटलोणीच्या खिशात. त्या वर्षी जुलैत अमेरिकेने सर्व शासकीय हुकूम एका ठिकाणी छापून प्रसिद्ध करण्याचा कायदा केला आणि १९३६ पासून तेथील फेडरल राजपत्र निघू लागले.

या ठिकाणी आपल्याकडील एका निकालाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूसंबंधी एक कायदा ठराव करून संमत केला. पण तो राजपत्रात छापलाच नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला नावाच्या इसमाला पन्नास रुपये दंड झाला. १९५१ साली ते प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद सोडून नुकतेच तेथे आलेले न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकाल दिला की, जो कायदा लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्धच झाला नाही, त्याखाली कोणाला शिक्षा करता येणार नाही. बंद दाराआड झालेला ठराव म्हणजे कायदा नव्हे. टेक्सासचा खिसा आणि जयपूरची बंद दालने यांत फार अंतर नाही. ‘कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे’ असे आपण लोकांना सांगतो, तेव्हा कायदा त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे ओझे आपल्या खांद्यावर येते.

पनामा निकालानंतर सरकार हात जोडून बसले नाही. टेक्सासचेच सिनेटर कॉनली यांनी मांडलेला कायदा दीड महिन्यात, २२ फेब्रुवारी १९३५ रोजी, संमत झाला. त्यात हेतू, मर्यादा आणि मनाई या साऱ्यांची नीट नोंद होती. गरम तेलाचा व्यापार त्यानंतर हळूहळू थंडावला.

एवढे झाल्यावर न्यायालयांनीही आपला हात आवरता घेतला, हे या इतिहासाचे अखेरचे प्रकरण. १९४० साली एका कंपनीने तक्रार केली की, कमिशन प्रत्येक लहानसहान विहिरीला ठरावीक किमान पिंपे देते, त्यामुळे ज्याच्या जमिनीखाली खरोखर तेल आहे त्याचा वाटा बुडतो. तक्रार पोकळ नव्हती. एका पट्टीवर गरजेपेक्षा अधिक विहिरी खोदण्यास त्या वाटपाने उत्तेजनच मिळत होते. तरीही न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी म्हटले की, कायद्याने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने पुरावा पाहून केलेली वाटणी आपल्या पसंतीची नाही, म्हणून न्यायाधीशांनी ती मोडू नये. १९४३ च्या दुसऱ्या एका निकालाने असे वाद मुख्यत्वे संस्थानाच्याच न्यायालयांकडे सोपवले. १९३१ साली न्यायालयांनी कमिशनचा हुकूम रद्द केला आणि १९४० साली त्याहून बोचरा हुकूम राहू दिला, ही विसंगती आहे काय? आम्हास तसे वाटत नाही. मधल्या काळात कायदा स्पष्ट झाला होता, पुरावा नोंदला जात होता, आणि बंदूक परत गेली होती. सत्ता नियमाच्या चौकटीत आली तेव्हा तिला विश्वासही मिळाला.

या विश्वासाचे फळ मोठे होते. १९७२ पर्यंत टेक्सासचे हे कमिशन महिन्यामागून महिना उत्पादनाचे माप ठरवीत राहिले, आणि एवढ्या एका मंडळाच्या हाताने जगातील तेलाचा भाव बराचसा स्थिर राहिला. व्हेनेझुएलाचे मंत्री पेरेझ अल्फोन्सो यांनी त्याच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला होता. १९६० साली बगदादला तेल निर्यात करणाऱ्या देशांची जी संघटना स्थापन झाली तिच्यामागे हा धडा होता. ज्या व्यवस्थेने लहान विहीरवाल्याला जगवले तिनेच ग्राहकाला तेल महाग केले, हेही खरे आहे. नासाडी थांबवणे आणि भाव राखणे यांतील सीमारेषा टेक्सासात कधीच फार ठळक नव्हती, आणि आज कोणी ती ठळक करून दाखवू लागला तर तो इतिहासाला रंग देतो असेच म्हणावे लागेल.

दुसरे फळ तेलाच्या मुलखापासून फार दूर लागले. १९५७ साली अर्कन्सॉ संस्थानातील लिटल रॉक शहरात नऊ निग्रो मुलामुलींना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ न देण्यासाठी गव्हर्नर फॉबस यांनी सैन्य उभे केले. कारण तेच सांगितले: शांतताभंगाचे भय. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात निकाल देताना स्टर्लिंग खटल्याचा आधार घेतला. गव्हर्नरांचे फर्मान संविधानाच्या वर जाऊ शकत नाही, हे तत्त्व आधीच ठरून गेलेले होते. दोन विहीरमालकांनी आपल्या पिंपांसाठी मिळवलेला न्याय पाव शतकानंतर नऊ मुलांच्या कामी आला. तत्त्वाचे रक्षण करताना फिर्यादी कोण आहे हे पाहून चालत नाही, ते एवढ्यासाठीच. आपल्याकडे १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतिशासनाच्या घोषणेचीही न्यायालयीन तपासणी होऊ शकते असे ठरवले; ते याच जातीचे तत्त्व आहे.

आपल्या महाराष्ट्रात प्रश्न तेलाचा नाही, पाण्याचा आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या भूमीखालचे, ठरावीक प्रवाहाने न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत घेण्याचा हक्क दिला. हा पकडीचाच नियम. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध घातले, आणि २००९ साली भूजलाच्या व्यवस्थापनाचा व्यापक कायदा केला. जमिनीखालचा साठा सामाईक असतो, हे इंडियानाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९०० साली उमगलेले सत्य आपल्या कायद्यात असे पायरीपायरीने उतरत आहे. ते शिवारापर्यंत पोचवायचे काम कुणा तहसीलदाराला, कुणा भूजल अधिकाऱ्याला करावे लागणार. उन्हाळ्यात टँकरची रांग लागलेली असेल, एका बागाइतदाराची विंधनविहीर गावाच्या आडाच्या उशाशी चालू असेल, आणि पोलीस पाठवून ती बंद पाडावी असे मनात येईल. त्या वेळी त्या अधिकाऱ्याने आधी कलम वाचावे, पंचनामा करावा, नोटीस द्यावी, समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मगच हुकूम लिहावा. चार दिवस जास्त लागतील. पण तो हुकूम न्यायालयात टिकेल. आणि ज्याच्याविरुद्ध तो निघाला त्यालाही, रागावला तरी, आपल्यावर कोणाची मर्जी चालली नसून कायदा चालला, एवढे कबूल करावे लागेल.